जुनी एमजीबी जीटी घेताय? आधी पत्र्याला लोहचुंबक लावा

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं, दादा तुम्ही ती निळी गाडी एवढी वर्षं कशी सांभाळलीत, आम्हालाही एखादी जुनी छोटी कूपे, म्हणजे टपवाली दोन दारांची गाडी, घ्यायचीये, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगतोय, त्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. इकडे यूकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना याचा जास्त उपयोग होईल, कारण या गाड्या, त्यांचे पार्ट आणि त्यांचे मेकॅनिक सगळं इथंच आहे. आणि मी लिहिणार एमजीबी जीटीबद्दलच. तीच एक गाडी मी तेरा वर्षं वापरली, २००८ ते २०२१, डर्बीत राहून. ट्रायम्फ जीटी६, लान्चिया फुल्व्हिया या गाड्या मी दुसऱ्यांच्या बघितल्यात, बसलोय त्यांच्यात, पण हात काळे झाले ते एमजीबीवरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमजीबी ही एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी दोन सीटर गाडी १९६२ मध्ये आली आणि तिच्यावर टप घालून केलेली जीटी आली १९६५ मध्ये. त्या टपाच्या डिझाइनला इटलीच्या पिनिनफरिनाचा हात लागलेला आहे आणि ते दिसतं हो, समोरच्या काचेपासून मागच्या डिकीपर्यंत जी एक सरळ उतरती रेघ जाते ना ती नुसती बघत बसावी अशी आहे. मागचं दार वर उघडतं, आत आठवड्याचं सामान मावतं, मागे एक बारकी सीट आहे जिच्यावर फक्त लहान मुलं बसू शकतात. माझी मुलगी चार वर्षांची असल्यापासून नऊ वर्षांची होईपर्यंत तिथं बसली, मग गुडघे मावेनात. इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, कारखाना ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला, तो १९८० च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला. पुण्यातल्या माझ्या चुलतभावाला आता एमजी म्हटलं की हेक्टरच डोळ्यासमोर येते. त्याला फोटो पाठवला तेव्हा त्याचं उत्तर आलं, अरे ही तर बाबांच्या फियाटची बहीण. आणि खरंच, पहिल्यांदा चोकचा नॉब ओढला तेव्हा मला आमच्या घरची पद्मिनीच आठवली, तोच पेट्रोलचा वास, तीच सकाळची खोकत खोकत सुरू होण्याची तऱ्हा.

आता मुद्द्यावर येतो. गाडी बघायला जाताना इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. हे इंजिन मजबूत आहे, साधं आहे आणि बिघडलं तर दुरुस्त होतं, कुठलाही पार्ट एक-दोन दिवसात घरी येतो. खर्चात बुडवतो तो पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि दाराखालच्या ज्या पट्ट्या असतात, इकडे त्यांना सिल म्हणतात, त्यांच्यावर सगळ्या गाडीचा भार आहे. बाहेरून एक पत्रा दिसतो पण आत अजून दोन थर आहेत, आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेर बुडबुडा दिसला तर आत काय झालं असेल ते समजून जा.

मी पहिली गाडी बघायला गेलो ती लाल होती, चकचकीत, विकणारा जुन्या गाड्यांचाच धंदा करणारा, चहा वगैरे दिला. मी जवळजवळ पैसे देऊन टाकले होते. माझ्याबरोबर ऑफिसातला एक वयस्कर सहकारी होता, त्याने खिशातून फ्रिजवर लावतात तसलं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं म्हणजे रंगाला ओरखडा नको, आणि सिलवरून हळूहळू फिरवत नेलं. दाराच्या मध्यापर्यंत चिकटत चिकटत आलं आणि मग खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. वीतभर जागेत पत्राच नव्हता, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला. त्या दिवशी मी शिकलो ते तुम्ही असंच करा, लोहचुंबक सिलवर फिरवा, मग पुढच्या मडगार्डच्या खालच्या भागात चाकाच्या मागे, मग हेडलाइटच्या वरच्या बाजूला, मग मागच्या चाकांच्या कमानीवर. लाज बाळगू नका, प्रामाणिक विकणारा स्वतःच गुडघ्यावर बसून दाखवतो.

दुसरी परीक्षा जॅकची. दार उघडून, बंद करून बघा, फट किती आहे ते डोळ्यात ठेवा. मग मालकाला विचारून त्या बाजूला सिलखालच्या जॅकच्या जागी जॅक लावून गाडी थोडी उचला आणि परत दार उघडा. फट कमी झाली, दार घासायला लागलं, किंवा जॅकच आत रुतायला लागला की नमस्कार करून घरी या. टप असल्यामुळे जीटी ही उघड्या गाडीपेक्षा जास्त ताठ असते, त्यामुळे सडलेली असूनही ती बराच काळ सोंग घेऊ शकते, म्हणून ही परीक्षा सोडू नका. तसंच दारावर जिथं छोटी तिकोनी काच संपते तिथून खाली एक उभी बारीक चीर गेलेली असते बऱ्याच गाड्यांना, ती या मॉडेलची जुनी खोड आहे, तिला घाबरू नका पण भाव करताना बोट ठेवा. गाडीखाली झोपायची तयारी ठेवून जुने कपडे घालून जा, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथं बॉडीला अडकतात ती जागा बघा आणि बॅटऱ्यांचे खण बघा. हो बॅटऱ्या, कारण १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मागच्या सीटखाली असायच्या, त्यांचं ॲसिड सांडून खण सडतात. बऱ्याच जणांनी आता बारा व्होल्टची एकच टाकलेली असते, ते चांगलंच.

कुठल्या सालची घ्यायची, हा प्रश्न नेहमी येतो. १९७४ च्या शरद ऋतूपासून पुढच्या गाड्यांना क्रोमच्या ऐवजी काळे जाड रबरी बंपर आले आणि अमेरिकेच्या नियमांसाठी गाडी दीड इंच उंच केली. दिसायला आणि वळणावर दोन्हीकडे फरक पडतो, म्हणून क्रोमवाल्या महाग असतात. पण मी सांगेन की चांगल्या पत्र्याची रबर बंपर घ्या, सडक्या पत्र्याची क्रोम घेऊ नका. माझी १९७२ ची होती, टील ब्लू रंग, म्हणजे निळा आणि मोरपंखीच्या मधला. त्या वेळी १ जानेवारी १९७३ च्या आधी बनलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ होता म्हणून मी मुद्दाम त्या सालची शोधली, आता तर चाळीस वर्षं झालेल्या प्रत्येक गाडीला ती माफी मिळते, फक्त कागदावर हिस्टॉरिक अशी नोंद करून घ्यावी लागते. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते बघणाऱ्या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, गाडीत मोठे फेरबदल केलेले नसतील तर. तरीही मी दरवर्षी एमओटी करून घेत होतो आणि तुम्हीही घ्या, ब्रेकच्या पाइपांकडे वर्षातून एकदा दुसऱ्या कुणाचे तरी डोळे जायला हवेत. विमा क्लासिक गाडीचा घ्या, ठरलेल्या किमतीचा, मैलांची मर्यादा घातली तर बराच स्वस्त पडतो.

चालवून बघताना ओव्हरड्राइव्ह आहे का आणि चालतो का हे नक्की बघा. गिअर चारच आहेत, पण तिसऱ्यात आणि चौथ्यात एक बटण दाबलं की अजून एक पायरी मिळते, म्हणजे एकूण सहा झाले असं समजा. ओव्हरड्राइव्हशिवाय सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन चार हजारांच्या जवळ ओरडत असतं, लावला की बत्तीसशेच्या आसपास येतं आणि मोटारवेवर बोलता येतं. बटण दाबल्यावर सेकंदाभरात आवाज उतरला पाहिजे. नाही उतरला तर बऱ्याचदा वायर किंवा स्विचचाच घोळ असतो, पण खात्री होईपर्यंत ओव्हरड्राइव्ह गेलाय असं धरूनच भाव करा, कारण या गाडीत गिअरबॉक्स काढायचा म्हणजे इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. क्लच बदलायलाही इंजिन काढावं लागतं. त्यावरून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये शिकलेल्या माणसाला क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असते, मला होती. या गाडीचं क्लचचं बेअरिंग कार्बनचं असतं, गोळ्यांचं नाही, पाय ठेवाल तर ते घासून संपतं. सिग्नलला न्यूट्रल करा आणि पाय बाजूला घ्या. पहिले सहा महिने मी स्टेअरिंगच्या मध्यावर कागद चिकटवला होता, त्यावर नुसतं "पाय" लिहिलेलं.

ऑइल प्रेशरचा काटा हा या गाडीचा खरा मित्र. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रस्त्यावर ५० ते ७० च्या दरम्यान हवा, आयडलला १५ च्या खाली जायला नको. थंड इंजिनावर सगळ्यांचाच काटा छान दिसतो म्हणून विकणाऱ्याला फोनवर आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, म्हणजे थंड सुरू होताना कशी होते ते पण कळतं आणि नंतर गरम झाल्यावरचं पण. ऑइल २०डब्ल्यू५०, इंजिनातही तेच आणि गिअरबॉक्स-ओव्हरड्राइव्हमध्येही तेच.

पेट्रोलचं सांगायला हवं. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-टेन झालं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, त्यामुळे सुपरवालं, कमी इथेनॉलचं ई-फाइव्ह भरा आणि घेतल्या घेतल्या सगळ्या पेट्रोलच्या नळ्या नव्या टाका, खर्च फार नाही आणि आगीशी खेळ नको. शिसं असलेलं पेट्रोल इथं २००० सालापासून बंद आहे, तेव्हा आधीच्या मालकाने हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्यात का ते विचारा. नसतील तर प्रत्येक टाकीबरोबर पेट्रोलमध्ये शिशाची जागा घेणारं औषध घालावं लागतं.

आता सकाळी गाडी कशी सुरू करायची ते, कारण नव्या मालकाचा पहिला आठवडा यातच जातो. चावी फिरवा पण स्टार्टरपर्यंत नेऊ नका, थांबा. उजव्या मागच्या चाकाच्या पुढे खाली पेट्रोलचा पंप आहे, तो टिक टिक टिक असा बोलायला लागतो. कार्बोरेटर भरत आले की टिकटिक मंदावते आणि थांबते. मग चोक पूर्ण ओढा, स्टार्टर मारा, इंजिन धरलं की मिनिटभराने चोक अर्ध्यावर आणा आणि पहिल्या मैलात पूर्ण आत ढकला. चोक ओढून फिरत राहिलात तर जादा पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. टिकटिक थांबतच नसेल तर कुठंतरी पेट्रोल गळतंय किंवा कार्बोरेटरमधलं पेट्रोल भरल्यावर बंद करणारी फ्लोटची सुई अडकलीय, स्टार्टर मारू नका, आधी बॉनेट उघडा. आणि टिकटिक सुरूच झाली नाही तर पंपाचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, चिकटलेत. आमची एकदा गणपतीला जाताना अशीच राउंडअबाउटवर बंद पडली, पाऊस, मागच्या सीटवर मुलगी आणि तिच्या मांडीवर मोदकांचा डबा, बायको म्हणाली आता काय. मी चाकाचा पाना घेऊन खाली वाकलो, पंपाच्या अंगावर दोनदा हलकेच ठोकलं, टिक टिक सुरू. दहा मिनिटांत आरतीला पोचलो. अर्थात दुसऱ्या दिवशी पॉइंट साफ केले, पुढच्या महिन्यात पंप बदलला, ठोकणं हा घरी पोचण्यापुरता इलाज आहे.

दोन कार्बोरेटर जुळवणं हे काम स्वतः शिका. कामापुरतं एक दुपारीत येतं आणि त्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळाली नाही. इंजिन गरम करा, एअर फिल्टर काढा. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत हवा जाताना स्स्स असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. एक जोरात आणि एक हळू येत असेल तर दोघांमधला जोड सैल करून आयडलचे स्क्रू असे फिरवा की दोन्हीकडे सारखाच सूर येईल. तंबोरा जुळवताना जसं कान लावून बसतात तसंच आहे हे. त्यानंतर हवा-पेट्रोलचं मिश्रण. प्रत्येक कार्बोरेटरच्या अंगाखाली एक बारीक पिन असते, ती वर ढकलली की आतला पिस्टन किंचित उचलला जातो, मिलिमीटरभरच उचला. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन मरायला लागलं तर कमी आहे, क्षणभर वाढून परत जागेवर आला तर बरोबर. खालचा नट एका वेळी एक चपटी बाजू एवढाच फिरवा आणि परत ऐका. वरच्या टोप्या उघडून आतलं ऑइल बघायला विसरू नका, ते संपलं की पाय दिल्यावर गाडी अडखळते आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट १५ हजारांश इंच, प्लगची २५. हे दोन आकडे मी गॅरेजच्या दारावर खडूने लिहिले होते.

ग्रीस गन घ्या. पुढच्या प्रत्येक चाकामागे तीन ग्रीस निपल आहेत, दर तीन हजार मैलांनी किंवा वर्षातून एकदा, गाडी जॅकवर घेऊन, म्हणजे वजन उतरलेलं असताना, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. हे न केल्यामुळे किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात ते खिळे, झिजतात आणि मग स्टेअरिंग भटकतं. विकत घेतानाही पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवून बघा, खडखड जाणवली तर झिजलेत.

पावसाचं पाणी कुठं साचतं तेही माहीत करून घ्या. समोरच्या काचेपुढे जी जाळी आहे तिच्यातून पाणी आत जातं आणि एका नळीतून खाली निघतं, ती नळी पानांनी तुंबली की पायाखालचं कारपेट ओलं होतं आणि लोकांना वाटतं काचेचं रबर गेलं. दर शरदात ती साफ करा. पुढच्या मडगार्डांच्या आत चाकांनी उडवलेला चिखल साचतो, पाण्याचा पाइप घालून धुवून काढा. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी आत ठेवा, सिलमध्ये गंजरोधक मेण मारून घ्या. पण आत ठेवा म्हणजे तीन महिने हातही लावू नका असं नाही. कोरड्या दिवशी पंधरा-वीस मैल फिरवा, नुसती उभ्या उभ्या सुरू करून बंद केलीत तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून कुजतो. उभ्या गाडीचे ब्रेक चिकटतात, रबर वाळतं. माझ्या तेरा वर्षांतले बहुतेक सगळे बिघाड मार्चमधले आहेत, म्हणजे ज्या हिवाळ्यात मी आळस केला त्याच्या नंतरचे.

आणि चालवा कुठं, तर मी सांगतो. आम्ही डर्बीवरून बक्स्टन गाठायचो आणि तिथून मॅकल्सफील्डच्या रस्त्याला लागायचो, ए५३७, ज्याला सगळे कॅट अँड फिडल म्हणतात. पन्नासची मर्यादा आहे आणि या गाडीला तेवढी पुरे होते. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचं, ब्रेक आधीच मारून ठेवायचे, माझ्या गाडीला ब्रेकला मदत करणारा सर्वो नव्हता त्यामुळे पायाला चांगला जोर लागायचा, मग वळणाच्या मध्यावर हलकेच ॲक्सिलरेटर आणि बाहेर पडताना बोटाने ओव्हरड्राइव्ह. स्टेअरिंगमधून रस्त्याचा खडा न् खडा हाताला कळतो. बसायला एवढं खाली असतं की चाळीसचा वेग साठसारखा वाटतो. एप्रिलमधल्या एका सकाळी वरती धुकं होतं, दोन्ही बाजूंना मेंढ्या, काच थोडी खाली, सायलेन्सरचा आवाज दगडी भिंतींवरून परत येत होता आणि मागून मुलगी म्हणाली, बाबा परत वर जाऊया. आम्ही तीनदा वर-खाली केलं आणि त्या दिवशी घरी जेवायला उशीर झाला.

२०२१ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच जड वाटायला लागला, म्हणून गाडी एका तरुण मुलाला दिली. त्याने आल्याबरोबर खिशातून लोहचुंबक काढलं तेव्हाच मी ठरवलं की हिला हाच नेणार. ती रबरी नळी, ग्रीस गन आणि दोन पानं भरून सूचना त्याला दिल्या. चार महिन्यांनी सकाळी साडेसातला त्याचा फोन, टिकटिक थांबत नाहीये आणि पुढच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकतंय. म्हटलं चावी बंद कर, फ्लोटच्या झाकणावर पेचकसच्या मुठीने दोन टिचक्या मार, जोरात नको, मग परत चावी फिरव आणि फोन तिथंच धर. ठक ठक ऐकू आलं, मग टिक टिक टिक, मग टिक... टिक, आणि मग शांत. दोघंही काही बोललो नाही. मग त्याने चोक ओढला.